लांब पल्ल्याच्या सायकलीचा सरंजाम

सायकलीचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक शर्यतींच्या मोहात पडतात, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण शर्यतीला नायक असतो, निकाल असतो, वर्तमानपत्रात छापण्याजोगा आकडा असतो, आणि ओझे घेऊन घाट चढणाऱ्या मुशाफराच्या पदरी यांपैकी काहीच नसते. परंतु ज्या गोष्टींवाचून आज कोणीही शंभर कोसांचा पल्ला सायकलीने गाठण्याचा विचार करणार नाही, ते बदलते गिअर, ते रुंद व मऊ टायर, चाकाच्या फिरण्यावर पेटणारा तो दिवा आणि चिखल अंगावर येऊ न देणारे ते मडगार्ड, यांचा कैवार शर्यतवाल्यांपेक्षा वळकटी बांधून निघालेल्या प्रवाशांनीच अधिक घेतला, हे जुनी दप्तरे जरा सावकाश चाळली म्हणजे ध्यानात येते. सायकलीला जे काही शहाणपण आले ते ओझ्याने आले, असे माझे मत आहे. आणि ते ओझे दीडशे वर्षांच्या आत या यंत्रावर कुठून कुठे सरकत गेले, हा वृत्तान्त मला शर्यतींच्या निकालांहून अधिक मनोरंजक वाटतो.

या वृत्तान्तातला पहिला ठळक पुरुष टॉमस स्टीव्हन्स. २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून तो निघाला तेव्हा त्याच्याजवळ कोलंबिया बनावटीची, पुढले चाक पन्नास इंच व्यासाचे असलेली उंच सायकल होती, आणि सामान म्हणाल तर काही मोजे, एक जादा सदरा, दिवसा अंगावर आणि रात्री तंबू व अंथरूण अशी तिहेरी चाकरी करणारा एक पावसाळी डगला, आणि एक स्मिथ अँड वेसन पिस्तूल. एवढ्यावर तो ४ ऑगस्टला बोस्टनला पोचला, पुढल्या वर्षी विलायतेस गेला, युरोप आणि तुर्कस्तान ओलांडून तेहरानला हिवाळाभर मुक्काम केला, अफगाण अधिकाऱ्यांनी अडवून परत फिरवले तेव्हा समुद्रमार्गाने कराचीस उतरला, लाहोरपासून कलकत्त्यापर्यंतची शेरशाही सडक तुडवली, आणि चीन व जपान पाहून १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामाला त्याने आपली मोहीम संपवली. इतक्या तुटपुंज्या जामानिम्याचे कारण त्या सायकलीच्या घडणीतच होते. स्वार चाकाच्या जवळजवळ माथ्यावर बसलेला, त्याच्यामागे फक्त एक वाकडी लोखंडी दांडी आणि टीचभर मागले चाक. तेव्हा ओझे बांधायचे तर ते हँडलवरच, म्हणजे जिथे ते सर्वांत घातक तिथेच, आणि रस्त्यात एखादा धोंडा आडवा आला की स्वार, सामान व पिस्तूल ही तिन्ही एकदमच पुढे तोंडघशी. ज्या यंत्राला मुळी ओझ्याची जागाच नाही त्यावर माणूस साहस करू शकतो, प्रवासाचा शिरस्ता पाडू शकत नाही.

ही जागा १८८५ साली निर्माण झाली. त्या वर्षी जॉन केम्प स्टार्ली याच्या रोव्हर सायकलीने दोन्ही चाके जवळपास सारखी केली, चेनने मागले चाक फिरवले, स्वाराला जमिनीच्या जवळ आणले, आणि पुढच्या काही वर्षांत सांगाड्याचा तो परिचित शंकरपाळ्यासारखा आकार रूढ झाला; १८८८ मध्ये डनलॉपने हवेचे टायर काढले. सीटच्या मागे, मागल्या चाकावर, हँडलसमोर आणि सांगाड्याच्या पोकळीत अशा चार जागा एकदम मोकळ्या झाल्या, आणि पुढील सर्व इतिहास या चार जागांमधल्या वाटणीचा आहे.

ही वाटणी पहिल्यांदा कोणी हिशेबाने केली असेल तर ती लष्कराने. अमेरिकेच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतले वीस कृष्णवर्णीय शिपाई लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या हुकमतीखाली १४ जून १८९७ रोजी मोंटानातील फोर्ट मिझुला येथून सायकलींवर निघाले आणि १९०० मैलांची मजल मारून २४ जुलैला सेंट लुई शहरी दाखल झाले. घोड्याला वैरण लागते, सायकलीला लागत नाही, तेव्हा घोड्याचे काम तिच्याकडून होते काय याची ही सरकारी परीक्षा होती. प्रत्येक शिपायाच्या हँडलवर घोंगडी आणि तंबूची अर्धी पाल यांची वळकटी असे, कारण दोघांच्या दोन पाला जोडल्या की एक तंबू उभा राही. सांगाड्याच्या पोकळीत त्याच आकाराची एक टणक पेटी शिध्यासाठी बसवलेली. आणि बंदूक मात्र पाठीवर. स्पाल्डिंग कंपनीची ती सायकल भरली म्हणजे सुमारे ५९ पौंडांची होई. पावसाने रस्त्यांचा राडा झाला की माती टायर आणि चिमटा यांच्यामध्ये घट्ट बसे आणि चाक फिरेनासे होई, मग शिपाई रूळ धरून आगगाडीच्या स्लीपरांवरून आदळत जात. या पलटणीच्या वाटणीत एक मोठी अक्कल होती. जड वस्तू दोन चाकांच्या मधोमध आणि खाली, हलकी पण फुगीर वस्तू हँडलवर, हा नियम त्यांनी अनुभवाने गाठला. पुढल्याच वर्षी स्पेनशी युद्ध जुंपले आणि हा प्रयोग दप्तरदाखल झाला.

इकडे फ्रान्समध्ये वेगळाच विचार चालू होता. 'ल प्ती जुर्नाल' या वर्तमानपत्राचा संपादक प्येर जिफार याने सप्टेंबर १८९१ मध्ये पॅरिसहून ब्रेस्ट बंदरापर्यंत आणि तिथून परत, अशी सुमारे बाराशे किलोमीटरची चाल जाहीर केली, आणि निघताना घेतलेल्याच सायकलीवर परत आले पाहिजे म्हणून प्रत्येक यंत्रावर मोहोर ठोकून ठेवली. शार्ल तेराँ हा गडी ७१ तास २२ मिनिटांत, झोपेचे नाव न घेता, पहिला आला. त्याचा प्रतिस्पर्धी जील-लाव्हाल एका मुक्कामी डोळा लागून पडला असताना तो मुकाट्याने पुढे निसटला. तेराँच्या चाकांवर मिशलॅन बंधूंचे, रिमवरून काढता येणारे नवे टायर होते, आणि पंक्चर रस्त्यातच काढता येते ही गोष्ट त्या तीन दिवसांत साऱ्या फ्रान्सला कळली. मात्र तेराँजवळ सामान असे काही नव्हते. त्याचा वेग धरून देणारे साथीदार होते, ठिकठिकाणी अन्न घेऊन उभे असलेले हस्तक होते. ओझे होतेच, ते दुसऱ्यांच्या डोक्यावर होते इतकेच. १९०१ साली मोरिस गारँ याने हेच अंतर ५२ तासांच्या आसपास आणले तेव्हाही व्यवस्था हीच.

या थाटाला ज्या गृहस्थाने जन्मभर विरोध केला तो पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ. जन्म १८५३, धंदा रेशमाचा, वस्ती सँत-एत्येन या गिरणी-कारखान्यांच्या डोंगराळ गावी. १८८७ मध्ये त्याने रेशीम सोडून सायकलींचे दुकान आणि 'ल सिक्लिस्त' हे नियतकालिक काढले, आणि पुढची चाळीस वर्षे त्यातून एकच गोष्ट परोपरीने सांगितली: माणसाला आपल्या बळावर, आपले सामान आपल्याबरोबर घेऊन, दिवस-रात्र न थकता जाता आले पाहिजे, आणि यंत्र त्या मानाने घडवले पाहिजे. सँत-एत्येनमधून दक्षिणेला निघाले की चढ लागतोच. सामानासह तो चढ एकाच गिअरवर चढणे म्हणजे गुडघ्यांची माती करणे. म्हणून व्हेलोसिओने दोन चेनी, मग तीन-चार दातेरी चकत्या, मग एका चकतीवरून दुसरीवर चेन सरकवणारी यंत्रे, असे प्रयोगामागून प्रयोग केले. त्याच वेळी पॅरिसमध्ये आंरी देग्राँज हा 'तूर द फ्रान्स'चा सर्वाधिकारी गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची सोय असे मानून होता, आणि १९३७ पर्यंत त्याने आपल्या शर्यतीत चेन सरकवणाऱ्या गिअरला मज्जाव केला. जगातली सर्वांत नामांकित सायकल शर्यत गिअरच्या बाबतीत सामानवाल्या प्रवाशांच्या तीस वर्षे मागे होती, हे वाचताना मला नेहमी थोडा आनंद होतो. व्हेलोसिओ शाकाहारी होता, कमी हवेच्या रुंद टायरांचा पुरस्कर्ता होता, आणि भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे असे त्याचे सांगणे होते. १९३० मध्ये, सायकल हाती धरून रस्ता ओलांडताना ट्रामचा धक्का लागून तो वारला.

देग्राँजचे श्रेयही नाकारता येत नाही. इटलीत १८९७ साली रोम ते नेपल्स सूर्योदय ते सूर्यास्त जाणाऱ्यांनी 'औदाक्स' हे नाव घेतले होते. ते देग्राँजने १९०४ मध्ये फ्रान्सला आणले आणि कप्तानाच्या पाठोपाठ एका ठरावीक वेगाने दोनशे किलोमीटर जाणाऱ्यांना दाखला देण्याची प्रथा पाडली. १९२१ मध्ये औदाक्स क्लब पॅरिझियँ या मंडळाशी त्याचे फाटले, आणि त्या मंडळाने ज्याने त्याने आपापल्या चालीने जावे, मात्र मुदतीच्या आत प्रत्येक ठाण्यावर शिक्का घेऊन रुजू व्हावे, असा स्वतंत्र दाखला सुरू केला. १९३१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये हौशी प्रवाशांना वाव मिळाला, आणि १९५१ नंतर धंदेवाईक शर्यतवाल्यांनी हा रस्ता सोडला तेव्हा तो सर्वस्वी या हौशी मंडळींच्या ताब्यात आला.

याच काळात फ्रेंच कारागिरांनी सायकलीवरच्या ओझ्याचा प्रश्न ज्या नजाकतीने सोडवला तिला माझ्या मते तोड नाही. १९३४ पासून तिथे सायकलींच्या तांत्रिक परीक्षा भरू लागल्या. डोंगरातल्या खराब वाटांवर मडगार्ड व दिव्यांसकट सज्ज सायकल चालवायची, हलकेपणाला गुण मिळायचे आणि जे मोडेल, सुटेल, खडखडेल त्यासाठी गुण कापायचे, असा तो दस्तूर होता. रने हर्स आणि आलेक्स सिंगर यांच्या, पॅरिसला लागून असलेल्या लेव्हाल्वा येथील कारखान्यांची कीर्ती या परीक्षांतून झाली. त्यांच्या सायकलीचे पुढले टोक जवळून पाहावे. मडगार्डच्या माथ्यापासून जेमतेम बोटभर वर एक लहानसा नळीचा कॅरिअर, तो चिमट्याला आणि मडगार्डला अशा रीतीने जोडलेला की तिन्ही एकमेकांना ताठ ठेवतात. त्यावर, हँडलच्या दोन वळलेल्या शिंगांच्या मधे, चौकोनी कापडी पिशवी. पिशवीच्या झाकणावर नकाशा दिसेल असा पारदर्शक कप्पा. स्वाराकडच्या बाजूला लहान खिसे, ज्यांतून पाय न थांबवता पाव, केळे किंवा हातमोजे काढता यावेत. दिव्याची तार उघडी लोंबत नाही, ती नळीच्या पोटातून जाते.

पण खरी कारागिरी डोळ्यांना दिसत नाही. हँडलच्या खांबाची कलती रेषा पुढे वाढवली तर ती जमिनीला ज्या बिंदूत मिळते, आणि चाक जमिनीला ज्या बिंदूत टेकते, या दोहोंत काही अंतर असते. ते अंतर मोठे असले की रिकामी सायकल आपण होऊन सरळ धावते, परंतु हँडलवर चार-पाच किलोची पिशवी ठेवली की तीच सायकल मंद वेगाच्या चढावर बाजूला कोसळू पाहते आणि दमलेल्या स्वाराला क्षणोक्षणी तिला सावरावे लागते. फ्रेंच कारागिरांनी चिमट्याची खालची टोके अधिक पुढे वाकवून हे अंतर कमी केले, म्हणजे पिशवी भरलेली असतानाच सायकल नीट चालावी असा तिचा पिंड घडवला. सामान ही या सायकलीवर मागाहून घातलेली खोगीरभरती नव्हे. सामान काढून घेतले तर ती उलट थोडी अस्वस्थ होते.

इंग्रजांनी दुसरी वाट धरली, आणि ती त्यांच्या स्वभावाला साजेशी होती: आहे त्या सायकलीला हात न लावता पिशवी मागे लटकवायची. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कारखान्याच्या कातडी सीटच्या पाठीला दोन कड्या असतात. लँकाशायरमधील नेल्सन गावी १९३० च्या दशकात सुरू झालेल्या कॅरडाइस कारखान्याची आडवी पिशवी या दोन कड्यांत दोन कातडी पट्ट्यांनी अडकवायची, तिसरा पट्टा सीटच्या खांबाभोवती आवळायचा, की झाले. पिशवीच्या आत वरच्या कडेला एक लाकडी काठी असते, तिच्यामुळे तोंड पडत नाही. बाजूच्या दोन खिशांपैकी एकात पाने, ट्यूब आणि पंक्चरचे सामान, दुसऱ्यात खाणे. कापड जाड विणीचे, सुती. पावसात भिजले की धागे फुगतात आणि विणीतली छिद्रे आपोआप मिटतात, म्हणून इंग्लंडच्या झिमझिम पावसात ते दिवसभर टिकाव धरते. उभे राहून पेडल मारताना ही पिशवी मांड्यांमागे डुलते, हा तिचा एकच दोष, आणि तो मोठा आहे.

दिव्याची कथाही याच घराण्यातली. शर्यत सहसा दिवसाची असते. रात्र प्रवाशाच्याच वाट्याला येते. आधी तेलाचा दिवा, मग कार्बाइडवर थेंब थेंब पाणी सोडून निघणाऱ्या वायूचा, मग टायरला घासून फिरणारा बाटलीसारखा डायनॅमो, आणि १९३६ मध्ये स्टर्मी-आर्चर कंपनीचा, चाकाच्या तुंब्यातच बसवलेला. दिव्यावाचून सायकल चालवली म्हणून दंड भरलेल्या पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांना या शोधाची महती वेगळी सांगायला नको.

आता आपल्या बाजूला येऊ. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर पुरे करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. त्यांच्या प्रवासवर्णनाला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे. पंजाब, बलुचिस्तान आणि इराण ओलांडून त्यांनी बगदाद ते अलेप्पो हे सुमारे साडेनऊशे किलोमीटरचे वाळवंट २३ दिवसांत पार केले, म्हणजे दिवसाची सरासरी चाळीस किलोमीटर. तेवढे अंतर तेराँने अडीच तासांच्या आगेमागे कापले असेल. या दोन आकड्यांची तुलना करून कोणी पारशांना मंद म्हणणार असेल तर त्याने वाळूत सायकल ढकलून पाहावी. वाळवंटात ओझे मुख्यतः पाण्याचे, आणि पाण्याचे ओझे असे चमत्कारिक की ते हलके होत जाते तसतशी चिंता जड होत जाते. त्यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये फ्रामरोज दावर हा मुंबईचाच पत्रकार निघाला, व्हिएन्नात त्याला गुस्ताव श्तावयानिक हा सोबती मिळाला, आणि दोघांनी सहाराही ओलांडला. १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे आणखी तिघे गेले. या मंडळींनी ज्या सायकली वापरल्या त्यांना लेव्हाल्वाची नजाकत ठाऊक नव्हती. त्यांची परंपरा आपल्या जुन्या घोडेस्वाराची: घोंगडी, पडशी, शिधा मिळेल तिथला, आणि बाजारबुणग्यांचे लोढणे मुळीच नाही.

आपल्याकडे सायकल भरण्याची जी खरी विद्या आहे ती मात्र जगप्रवाशांजवळ नव्हे, गवळ्याजवळ आहे. तो दुधाचे हंडे कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लोखंडी आकड्यांनी इतके खाली टांगतो की त्यांचा तळ मागल्या चाकाच्या आसाच्याही खाली येतो. निघताना दोन्ही बाजूंचे माप सारखे ठेवतो, आणि रतीब घालत जाताना एकाच हंड्यातून दूध न काढता आलटून पालटून काढतो. मॉसचे शिपाई एकोणीसशे मैलांत जे शिकले ते त्याला वारशाने मिळालेले असते. मुंबईचे डबेवाले हँडलवर, कॅरिअरवर आणि दांडीच्या बाजूला डबे लटकवून लोकलच्या वेळा गाठतात, त्यांचे कौतुक आता परदेशांतही होते. गवळ्याचे कोणी करत नाही.

अलीकडे, विशेषतः अमेरिकेतल्या कच्च्या डोंगरवाटांवर आणि अलास्कातल्या बर्फावर चालणाऱ्यांनी, कॅरिअर ही वस्तूच रजेवर पाठवली आहे. धक्के शोषणाऱ्या चिमट्याला आणि हलक्या सांगाड्याला लोखंडी कॅरिअर जोडता येत नाही, जोडला तर खडखडाटाने त्याचे स्क्रू ढिले होऊन गळून पडतात; म्हणून पिशव्या नुसत्या पट्ट्यांनी आवळतात. हँडलवर वळकटी, सांगाड्याच्या पोकळीत त्याच आकाराची पिशवी, सीटमागे निमुळती शेपटी: नायलॉन आणि वेलक्रो वगळले तर १८९७ चा मॉस हे सारे पाहून ओळखीचे हसला असता. सपाट डांबरी रस्त्यावर, जिथे यातले एकही कारण लागू नाही, तिथेही हौशी लोक आता हीच रीत धरतात, आणि मागची शेपटी टायरवर घासून तिला भोक पडले की आश्चर्य करतात; फॅशनला इलाज नाही.

औदाक्स क्लब पॅरिझियँचे दाखले आता पुणे, मुंबई, नाशिक येथेही मिळतात. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस, अशी मुदत. पुढचा-मागचा दिवा आणि रात्री चमकणारे जाकीट सक्तीचे. पहाटे जमणाऱ्या या मंडळींच्या पिशव्या उघडून पाहिल्या तर दोन ट्यूब, पंप, पाने, आणि त्यांच्याशेजारी राजगिऱ्याच्या वड्या, खजूर, चिक्की व घरच्या दशम्या असा संसार दिसतो. ज्यांच्या या साऱ्या पायऱ्या त्याच वर्षात चढून होतात त्यांना दर चार वर्षांनी ब्रेस्टची वाट खुली असते. तिथे बाराशे किलोमीटरला जास्तीत जास्त नव्वद तास मिळतात, आणि सोबतीला मोटार घेऊन कोणी आले तर त्याने फक्त ठाण्यांवर भेटावे, तेही वेगळ्या रस्त्याने येऊन. मधल्या वाटेत त्याने स्वाराला मदत केल्याचे पाहणीदाराच्या नजरेस आले, तर त्याचा दंड स्वाराच्या वेळेवर बसतो.